चालू कंडिशन

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा. पार्किंगच्या टोकाला निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं असतं आणि शेजारी चिंधीला हात पुसत एक गृहस्थ उभे असतात. मुलं त्यांना काका म्हणतात, वॉचमन गाडीवाले साहेब म्हणतो आणि सेक्रेटरी अधूनमधून नोटीस पाठवतो. नोटिशीचा कागद चांगला जाड असतो. त्यातून गॅस्केट कापता येतं.

आमचे काका भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. कारखान्यातली बंद मशिनं चालू करायची ही नोकरी, आणि घरी आणलेल्या चालू गाड्या उघडून ठेवायच्या हा छंद. येत्या मे महिन्यात ते रिटायर होतायत. आता वेळच वेळ, गाड्या मार्गी लागणार, असं आम्हाला वाटत होतं. पण सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. बिल्डर फ्लॅटमागे एकच पार्किंग देणार, तेही वरखाली सरकणारं. काकांनी डायरी काढली आणि यादी केली: पद्मिनी, हेरल्ड, येझ्दी, चेतक. लॅम्ब्रेटा यादीत नाही. ती गोणीत आहे आणि गोणीला पार्किंग लागत नाही.

सुरुवात पद्मिनीपासून झाली. गाडी 1984 ची. बॉडी खाली पार्किंगमध्ये, इंजिन वर हॉलमध्ये दिवाणाखाली. मुलीला बघायला आलेली मंडळी त्या दिवशी 1089 सीसीवर बसून पोहे खात होती, हे व्याह्यांना आजतागायत माहीत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा काका जेवले नाहीत. आता त्याच घटनेतून ते दोन निष्कर्ष काढतात. टॅक्स्या गेल्या म्हणजे पार्ट मिळणार नाहीत, म्हणून हातात आहेत ते पार्ट सोडायचे नाहीत. आणि टॅक्स्या गेल्या म्हणजे किंमत चढणार, म्हणून गाडीही सोडायची नाही. उलटसुलट कुठूनही सुरुवात केली तरी माणूस त्याच मुक्कामाला पोचतो, याला मी तरी तर्कशास्त्रच म्हणेन.

येझ्दी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. ती सुटी करून वर नेली आणि तिथेच जोडली. जोडलेली जिन्यातून उतरत नाही आणि पुन्हा सुटी केली तर कोणी घेत नाही. शिवाय तिचा किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. “एका दांड्यात दोन कामं करणारी गाडी या महागाईत विकायची?” म्हैसूरचा तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, हेही काका सांगतात, पण असं सांगतात की ऐकणाऱ्याला आपणच कुलूप लावल्यासारखं वाटावं.

खरा जीव हेरल्डवर. 1967 ची, दोन दारांची, मद्रासला बनलेली. रेखाटन मात्र मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचं. तिचं अख्खं तोंड पुढे उलटतं, मग पुढच्या चाकावर बसून निवांत इंजिनात हात घालता येतो. काका तिथेच पेपर वाचतात. इंजिनात हात क्वचितच जातो. तिथे एक मांजर दरवर्षी विते.

हेरल्डसाठी काकांनी 2021 चा सरकारी नियम छापून आणला. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट एवढीच की रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

काकूंनी कागद वाचून परत दिला. “रोज चालवायची नाही याचे वीस हजार? अहो, आपण गेली कित्येक वर्षं फुकटात चालवत नाही आहोत.”

काकांनी त्यातून भलताच अर्थ घेतला. पद्मिनीला 2034 मध्ये पन्नास होतील, तोवर ती विकणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, अशी नोंद डायरीत झाली.

राहिली चेतक. वडिलांची. नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघावी लागे त्या काळातली. डाव्या अंगाला जराशी कलंडवायची, पुन्हा सरळ करायची आणि किक मारायची, की झाली सुरू. गॅस सिलिंडरपासून गणपतीपर्यंत सगळं तिच्यावरून आलं. चौघींत चालणारी एवढी एकच. काकांनी यादीत तिच्यापुढे लिहिलं: विकणे.

“अहो, पण तीच का?”

“तिच्यात आता करण्यासारखं काही उरलं नाही.”

मला वाटतं काका खरं बोलले. या माणसांना गाडी नको असते, तिचं राहिलेलं काम हवं असतं. चालणाऱ्या गाडीकडे ते पास होऊन गेलेल्या विद्यार्थ्याकडे मास्तरांनी बघावं तसं बघतात.

रविवारी गिऱ्हाईक आलं. जुन्या बाजारातल्या ओळखीचं. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, नखांत तेच काळं ग्रीस. मला धोका तेव्हाच कळायला हवा होता.

“पेपर क्लिअर?”

“सगळे. पासिंग केलेलं आहे.”

“इंजिन?”

“एका किकमध्ये,” काका म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा पडला. “चालू आहे? अहो, मग मी तिचं काय करू?” आणि मान वळवून, “त्या ताडपत्रीखाली काय आहे?”

काकू चहा घेऊन खाली आल्या तेव्हा हेरल्डचं तोंड उघडलेलं होतं, मांजर बाहेर बसून आत बघत होती आणि दोन पुढच्या चाकांवर दोन माणसं समोरासमोर बसून सिलिंडर बोअर करायचे की नाही यावर भांडत होती. काकूंनी ट्रे टपावर ठेवला. खुंटीवरची किल्ली त्या वरूनच घेऊन आल्या होत्या. पदर खोचला, चेतक डावीकडे कलंडवली, सरळ केली, किक मारली आणि भाजी आणायला निघून गेल्या.