रिव्हर्स पिकअप उपलब्ध नाही

शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं. तानशाचं जातं, भातशाचं जातं, आणि होळी झाली की धरणांच्या उशाशी असलेल्या आमच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. गेलेलं पाणी काय परत येतंय, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण धाकट्या पुतणीने मागवलेल्या सीरमची बाटली हातात घेऊन तिच्यामागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा समजलं, येतं. जो पदार्थ सर्वांत जास्त त्याचं नाव यादीत सर्वांत वर, अशी पद्धत आहे. आणि सर्वांत वर पाणी होतं. 30 मिलिलिटर, 599 रुपये.

"एवढ्यात टँकर येतो," माझा थोरला भाऊ, दादा, म्हणाला.

ह्या पाण्याची अडचण एवढीच की ते एकदा आमच्याकडे आलं की परत जायचं नाव घेत नाही.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी लक्षात राहणार नाही. एक फूल, एक संस्कृत शब्द आणि मध्ये उगाच एक टिंब. सीरम लावायला लागल्यावर पोरीच्या दोन्ही गालांवर लाल पुरळ उठलं. ती तक्रार करणार तेवढ्यात कंपनीचाच मेल आला. आमच्याकडे अशा वेळी "माल खराब निघाला" म्हणतात आणि विषय मिटतो. कंपनीने त्यासाठी चार परिच्छेद घेतले. मालकीणबाईंचा त्यांच्या आजीसोबतचा फोटो, त्वचेशी जुळलेल्या नात्याबद्दल दोन शब्द, मग "तुमचं ऐकणं हाच आमचा प्रवास" वगैरे, आणि अगदी तळाशी, आजीच्या पदराआड लपवल्यासारखं एक वाक्य: ह्या बॅचला आम्ही थोडी विश्रांती देत आहोत.

विश्रांती! पुरळ उठलं पुतणीला आणि विश्रांती बॅचला.

पैसे परत हवे असतील तर बाटली परत पाठवा, अशी अट होती. बटण दाबलं, 421601 हा शहापूरचा पिनकोड टाकला. उत्तर आलं: आपल्या पिनकोडवर रिव्हर्स पिकअप उपलब्ध नाही. आता हीच बाटली येताना व्यवस्थित आली होती. कुरियरचा पोरगा हायवेवरून फोन करतो, "आसनगावला आलोय, पुढं कुठं?" मग आम्ही त्याला फोनवरून वळणं सांगत घरापर्यंत आणतो, नाहीतर तो सगळ्या गावाची पार्सलं मेडिकलवाल्याकडे ठेवून जातो. मी त्याला गाठलं. म्हटलं, "अरे, येताना भरलेला येतोस, जाताना रिकामा जातोस. ही एवढीशी बाटली ने की." तो म्हणाला, "दादा, मी नेईन ओ, पण सिस्टीममध्ये दिसत नाय."

मग चॅट. चॅटवर माणूस नसतो, यंत्र असतं, आणि ते लाघवी असतं. दुपारी पुतणी कॉलेजात म्हणून तिच्या मोबाइलवरून दादाने मोर्चा सांभाळला. दादाचं वय छप्पन्न, लावणीचे दिवस, पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या आणि त्यांवर मोहट्याचं तेल. यंत्राने विचारलं, "हाय ब्यूटी! आज तुझी त्वचा कशी आहे?" दादाने पायांकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "फुटली आहे." त्यावर त्याला रात्री लावायच्या क्रीमची जाहिरात आली.

शेवटी कोणी तरी खरीखुरी बाई चॅटवर आली. तिने चेहऱ्याचे फोटो मागितले. समोरून, डावीकडून, उजवीकडून, दिवसाउजेडी, पावडर न लावता. "पोलीस ठाण्यात तरी ह्याहून कमी काढत असतील," दादा पुटपुटला. फोटो गेले. निकाल आला की ही ॲलर्जी नव्हे, ह्याला पर्जिंग म्हणतात. आतली घाण बाहेर येतेय म्हणजे सीरम काम करतंय, चालू ठेवा. ह्यावर दादाचं मत असं की युरियाने भात जळाला तर खतवालासुद्धा हेच म्हणेल, मुळं घट्ट होतायत. एक खुलासा करायला हवा. पर्जिंग हा प्रकार अगदीच थोतांड नाही. रेटिनॉलसारख्या काही घटकांनी सुरुवातीला मुरमं वाढतात, त्वचेचे डॉक्टर तसं सांगतात. पण ज्या बॅचला तुम्हीच सुट्टीवर पाठवलीत ती आमच्या गालांवर कामावर कशी, एवढं मी नम्रपणे विचारलं. चॅट संपवण्यात आलं. "आमची सेवा कशी वाटली?" असं विचारून पाच चांदण्या दाखवण्यात आल्या.

आता मुरबाडची पद्धत ऐका.

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत एसटी मुरबाडला पोचते. तिथे आमच्या आत्याचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, कंगवे, पावडरी, क्रीमच्या ट्यूबा. रिफंड पॉलिसी कुठे लिहिलेली नाही, ती आत्याच्या चष्म्यात असते. तक्रार घेऊन आलेल्या बाईला ती आधी उंबऱ्यापाशी नेते, "ये, उजेडात ये," म्हणते, हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे फिरवते आणि निर्णय देते. "हे क्रीमनं नाय. कच्चे आंबे किती खाल्लेस?" हा निर्णय अंतिम. क्रीम दोषी ठरलंच तरी रोख मिळत नाही. तेवढ्याच्या बांगड्या मिळतात, वर टिकल्यांचं एक पाकीट. धसईच्या गिऱ्हाइकांवर तिचा विशेष राग. धसई म्हणजे 2016 च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालेलं, आत्याच्या मुरबाड तालुक्यातलंच. "घेताना कार्ड घासतात," आत्या म्हणते, "आणि परत करताना रोकडा मागतात."

खराब निघालेला माल कंपनी नेमका कसा मागे घेते, हे मला आत्याच्या काउंटरवरच कळलं. कल्याणहून सेल्समन येतो, "आत्या, अमुक नंबरचा माल काढून ठेवा" म्हणतो, खोक्यात भरतो. खोकं डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून भिवंडीच्या गोदामात. आत्याला क्रेडिट नोट मिळते आणि पुढच्या बिलातून तेवढे पैसे वजा होतात. डिस्ट्रिब्युटर कंपनीकडे क्लेम लावतो. सगळ्यांचे पैसे सगळ्यांना मिळतात. आता ह्यात गिऱ्हाईक कुठे आहे ते शोधा. गिऱ्हाईक टोकावड्याला आपल्या घरी आहे, आरशासमोर उभं आहे आणि तेच क्रीम लावतंय. दुकानाच्या फळीवरचा माल परत जातो, घरातल्या फडताळातला जात नाही. फडताळाला सेल्समन नाही.

आणि परत मागवायची वेळ? तिथे आपल्या राज्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. आसनगावहून लोकलने सीएसएमटीकडे निघालं की वाटेत मुलुंड लागतं. तिथला जॉन्सन अँड जॉन्सनचा बेबी पावडरचा कारखाना घ्या. 2007 साली बनलेल्या पावडरच्या 15 बॅचेस इथिलीन ऑक्साइड ह्या वायूने निर्जंतुक केल्या होत्या; त्या पद्धतीला मंजुरी नव्हती आणि वायूचा अंश पावडरीत उरला का हेही तपासलं नव्हतं, असा अन्न व औषध प्रशासनाचा आक्षेप. त्यावरून सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला 2013 साली. वरातीमागून घोडं म्हणतात, पण इथे नवरानवरीचं पोर शाळेत गेल्यावर घोडं आलं. ज्या बाळांना ती पावडर लावली ती तोवर पहिलीत बसून बाराखडी गिरवत होती. परत मागवायला डबा शिल्लक कुणाकडे असणार?

दुसरा अंक आणखी रंगला. 2018 च्या अखेरीस पुणे आणि नाशिकहून त्याच पावडरीचे नमुने घेतले. त्यांचा सामू, म्हणजे पीएच, ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाला. परवाना रद्द झाला सप्टेंबर 2022 मध्ये, आणि बाजारातला साठा परत मागवा असंही बजावलं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे नव्या तपासणीत नमुने ठीक निघाले, आणि 11 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ते आदेश रद्द केले. नमुना घेतल्यापासून कारवाईपर्यंत जो काळ गेला त्यावर बोट ठेवलं. गंमत म्हणजे कंपनीनेच त्याआधी, ऑगस्ट 2022 मध्ये, 2023 पासून जगभर टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या स्टार्चची विकू असं जाहीर केलं होतं. आमच्या गणपती मंडळात ही बातमी मोठ्या काळजीने वाचली गेली. बाळांचं सोडा, तिथे ती पावडर कॅरम बोर्डावर पडते. "मक्याच्या पावडरीवर सोंगट्या पळतील का?" हा प्रश्न पोरांनी गंभीरपणे चर्चेला घेतला.

पण कारखाना, परवाना, बॅच नंबर आहे म्हणून हा तमाशा तरी होतो. ज्याला ह्यातलं काहीच नाही त्याचं काय? पौष पौर्णिमेला म्हसा गावाची यात्रा भरते. तिथे बैल घेताना आमचा माणूस दात मोजतो, खूर बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. आणि बायकोसाठी "सात दिवसांत गोरेपणा" नावाची ट्यूब घेताना ती उलटीसुद्धा करत नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नाही, तारीख नाही. अशी वस्तू परत मागवणार कोण आणि कुठून?

इथे थोडं हसू बाजूला ठेवतो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एक तरुणी, तिची आई आणि तिची बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झालेली. तिघी एकच क्रीम लावत होत्या, स्थानिक ब्युटीशियनकडून आणलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने छडा लावला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून आत शिरून मूत्रपिंड खातो. सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. पण ज्या डबीवर नावच नाही तिला नियम कोण वाचून दाखवणार?

नाव असलेल्या डब्यांविरुद्ध मात्र कायदा चांगला आहे, आणि आपल्या बाजूचा आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की सदोष माल परत घेऊन पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणजे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी घरी शोभेसाठी लावावी. पूर्वी गुरगावच्या कंपनीशी भांडायचं तर कुठे जायचं हाच प्रश्न असे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याला तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी हे सगळं आत्याला समजावून सांगितलं आणि म्हटलं, "तूही बिल देत जा." ती म्हणाली, "बिल? मी तुझी आत्या की मॉलवाली?"

भांडण लांबतं, हे मात्र खरं. दिल्लीत एकाने 2013 मध्ये 79 रुपयांना इमामीचं 'फेअर अँड हँडसम' घेतलं, गोरा झाला नाही, तक्रार केली. कंपनीचा बचाव असा की नुसतं क्रीम पुरत नाही, सोबत सकस आहार आणि व्यायामही लागतो. मग तसं डबीवर लिहायचं होतं, असं ग्राहक आयोगाचं म्हणणं पडलं. डिसेंबर 2024 मध्ये साडेचौदा लाखांचा आदेश झाला, त्यातले 14 लाख ग्राहक कल्याण निधीला आणि 50 हजार तक्रारदाराला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण करणाऱ्याने मसाला कधी साडेचौदा लाखांवर जाईल असं धरलं नसावं.

आमच्या पुतणीला इतकं ताणावं लागलं नाही. तिने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली, आणि ज्या कंपनीला आमचा पिनकोड सापडत नव्हता तिला एकाएकी आमचा बँक खाते नंबर सापडला. 599 रुपये आले. बाटली परत पाठवायची गरज नाही असंही कळवलं. ते उरलेलं सीरम दादाने गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्यांत सोडलं. दार आता अजिबात करकरत नाही. कंपनीने आधीचे-नंतरचे फोटो मागितले तर द्यायची त्याची तयारी आहे.

एक विनंती आहे, तेवढी करून थांबतो. ट्यूब संपत आली की आपण मराठी माणसं तिचा मागचा चपटा काठ कात्रीने कापतो आणि बोट घालून शेवटचा थेंब वसूल करतो. बॅच नंबर आणि तारीख बहुतेक वेळा नेमकी त्याच काठावर ठोकलेली असते. तेव्हा तो तुकडा कचऱ्यात टाकू नका, बिलाला टाचून ठेवा. आणि बिल आत्याच्या दुकानातलं असेल तर ते शोधण्यात वेळ घालवू नका. टिकल्यांचं पाकीट घ्या आणि घरी जा.