तेलाचे जाणकार

खाण्याच्या बाबतीत आमच्या भाऊसाहेबांइतका जबाबदारीची जाण असलेला माणूस दुसरा नाही. फक्त ती जबाबदारी कुणाची, हे तेच ठरवतात.

संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर वड्याच्या गाडीपाशी त्यांचे पाय थबकतात. गाडी नेमकी वाटेत उभी राहू देणं ही महापालिकेची चूक. चष्मा कपाळावर चढवून ते कढईत डोकावतात.

"तेल कितव्यांदा तापतंय रे? पोलर कंपाउंड २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकून द्यायचं असतं. २०१८ पासून नियम आहे!"

"साहेब, जरा मागे सरा. शिंतोडे उडतील."

"आणि ट्रान्सफॅट? २०२२ पासून तेला-तुपात २ टक्क्यांच्या वर चालत नाही. कुणी तपासतं का?" मग आवाज उतरवून, "दोन दे. चुरा जरा सढळ हाताने टाक. मिरची चांगली तळलेली बघ."

दुसरा वडा संपेपर्यंत सरकारचा उद्धार चालतो. नियम कागदावर, अंमलबजावणी शून्य. म्हणून तर बिचाऱ्या नागरिकाला असलं तेल रोज पोटात घालावं लागतं.

त्यांचा आवडता दाखला न्यूयॉर्कचा. वजन वाढवल्याबद्दल २००२ साली तिथे दोन मुलींच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर दावा ठोकला गेला. "याला म्हणतात जागरूक ग्राहक!" असलं भरमसाट खाल्लं की काय होतं हे खाणाऱ्याला कळायला हवं, असं म्हणत न्यायाधीशांनी जानेवारी २००३ मध्ये तो फेटाळला. पण भाऊसाहेब तिथवर कधी पोहोचत नाहीत. तेवढ्यात त्यांची लोकल लागते.

वहिनी पहाटे उठून डब्यात भाकरी आणि दुधी देतात. तो डबा दुपारी शिपायाला मिळतो, कारण ऑफिसात गरम करायची सोय नाही. (सोय आहे. तिच्यावर भाऊसाहेब चायनीज गरम करतात.)

परवा रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स २८०. भाऊसाहेबांनी आधी लॅबचा एनएबीएलचा शिक्का शोधला, दुर्दैवाने होता. मग रक्त दिल्याची तारीख पाहिली. गणपतीनंतरचा आठवडा! चेहरा एकदम उजळला. त्यांनी ताबडतोब नाशिकला बहिणीला फोन लावला.

"ताई, तुला मी नको नको म्हणत होतो ना? तरी तू मोदक वाढलेसच!"