खानदानी बिघाड

माणसाला आजारसुद्धा ऐपतीला शोभेल असा हवा असतो. चार दिवस दवाखान्यात काढून ‘गॅस झाला होता’ एवढंच निदान घेऊन कुणी खुशीनं घरी येत नाही. ट्रकमालकाचंही तेच. तीस-चाळीस लाखांची गाडी खंबाटकी घाटात मान टाकते, मागं रांग लागते, क्रेनवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. एवढं रामायण झाल्यावर ‘वायर घासली होती, शेठ’ हे वाक्य त्याला अपमानासारखं लागतं. ‘ईसीएम गेला’ म्हणा, दुःख होईल पण मान ताठ राहील. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि तो जाणं हा खानदानी बिघाड आहे.

साताऱ्याकडं हायवेला एका इलेक्ट्रिशियनच्या दुकानापुढं बाकडं आहे. तिथं चहा पीत निदानाचे हे सोहळे पाहणं हा माझा निरुपद्रवी छंद.

पूर्वी सोहळा सोपा होता. ‘पंप-नोझल’ हा एकच शब्द असल्यासारखा उच्चारला जायचा आणि त्याच्यामागं बहुधा ‘मिको’ असायचं. बंगळूरची ही कंपनी १९५१ची. २००८ साली तिनं बॉश हे नाव लावलं, तरी जुन्या मिस्त्र्यांच्या जिभेवर मिकोच राहिली. तिचा एक कारखाना आपल्या नाशकात, सातपूरला. इंजिन मिस मारायला लागलं की मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. नट ढिला करूनही इंजिनाला फरक पडला नाही, तर कामचुकार तोच. हीच पद्धत सरकारी कचेऱ्यांतही चालली असती, पण तिथं नट सापडत नाहीत.

आता हा उद्योग करायला जाल तर जिवावर बेतेल. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांच्या सामाईक नळीत, डिझेल १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाखाली असतं. केसाएवढ्या फटीतून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते. जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर डेन्सोनं १९९५ साली ही रेल आणली. आपल्याकडं १ एप्रिल २०१७ला प्रदूषणाचं बीएस-४ मानक देशभर लागू झालं, १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं, आणि पाना घेऊन उभा असलेला मिस्त्री वायरच्या जंगलात शिरला. सिलिंडर एकेक बंद करून बघायचं काम आता स्कॅनरवर बोट ठेवून होतं.

स्कॅनर कोड सांगतो. जे-१९३९ ही ठरलेली भाषा बोलणाऱ्या गाड्यांत ६५३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा नोझल. पुढं ५ आला तर करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ आला तर करंट जास्त किंवा अर्थला शॉर्ट. ईसीएमच्या पिनेपासून नोझलच्या कॉइलपर्यंत जाऊन परत येणाऱ्या वाटेत कुठंतरी घोटाळा आहे, एवढंच त्याचं म्हणणं. ऐकणारा मात्र ‘तिसरा नोझल खराब’ असंच ऐकतो. नोझल बदलला जातो, अनेक गाड्यांत नव्या नोझलचा नंबर ईसीएमला रीतसर कळवलाही जातो, आणि फलटणच्या पुढं गेल्यावर ६५३ पुन्हा हजर. मग संशय ईसीएमवर. महागड्यावर संशय घेण्यात आपल्याला कसलासा आनंद होतो. स्वस्त वस्तू कुणाच्या यादीतच नसतात.

त्यातून काही सहा सिलिंडरच्या इंजिनांत तीन-तीन नोझलांचा एक गट असतो. गटातल्या एकाची वायर अर्थला लागली की ईसीएम तिघांनाही बंद करतो. दोन निरपराध सिलिंडर उगीच बदनाम होतात आणि शेठला वाटतं, तीन नोझल एकदम गेले. एकाच रात्री तीन नोझल जातील एवढी एकी ट्रकच्या कुठल्याच भागांत मी अजून पाहिलेली नाही.

दुकानातला इलेक्ट्रिशियन पन्नाशीचा आहे, त्याला सगळे भाऊ म्हणतात. एकदा एक ट्रकमालक मल्टिमीटर पुढं करून म्हणाले, ‘बघा, वायर चालू दाखवतोय.’ भाऊंनी मान हलवली. ‘मीटर गोड बोलतो, शेठ. त्यानं पाठवलेला करंट मुंगीला जाणवायचा नाही.’ बॅटरी २४ व्होल्टची असली तरी नोझलचा वॉल्व्ह झटक्यात उचलायला कित्येक ईसीएम स्वतःच्या पोटात ५० ते ८० व्होल्ट तयार करतात आणि वीसेक अँपिअरचा धक्का देतात, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. अशा कॉइलचा रेझिस्टन्स एका ओहमच्याही आत. मधल्या गंजक्या सांध्यानं अर्धा ओहम वाढवला तर वीस अँपिअरला १० व्होल्ट तो सांधाच गिळून टाकतो. मीटरला हा अर्धा ओहम दिसला तरी तो किरकोळ वाटतो.

म्हणून भाऊ हेडलाइटचा जुना बल्ब काढतात, २४ व्होल्ट ७० वॉटचा. आधी वायरीची दोन्ही टोकं सोडवायची, ईसीएमकडचं कपलर तर नक्कीच, नाहीतर खानदानी बिघाड खरोखरच घडायचा. मग त्या वायरीतून बल्ब पेटवायचा. जवळजवळ तीन अँपिअर ओढतो तो. भडक पेटला तर वायरीची चाल चांगली. मिणमिणला तर सालाखाली तांबं हिरवं पडलेलं सापडतंच, क्लिपनं धरलेल्या जागी किंवा ब्रॅकेटच्या धारेवर.

गुन्हेगारही ओळखीचेच असतात. गूळ, धान्य भरणाऱ्या गाड्यांत उंदीर. टॅपेट कव्हरखालच्या हार्नेसमध्ये तेल, जे तारांच्या मधून केशाकर्षणानं चढत पार ईसीएमच्या कपलरपर्यंत पोचतं, शाळेतलं विज्ञान इथं उपयोगी पडतं. आणि दसरा. खंडेनवमीला गाडी प्रेशर पंपानं लखलखीत धुतली जाते, कपलरच्या सीलमधून पाणी आत जातं. दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. आठवडाभरानं चेक लाइट. देवाची कृपा आणि प्रेशरचं पाणी एकाच मुहूर्तावर मिळाल्यावर दोष कुणाला द्यायचा, हे मालकाला कळत नाही. सोयीचा म्हणून ड्रायव्हरला दिला जातो.

सगळ्यात उर्मट बिघाड तो, जो भाऊंच्या दुकानात येताच बरा होतो. मग इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवत बसायचं, वीतभर इकडं, वीतभर तिकडं. क्लीनर स्कॅनरवर डोळे लावून ओरडणार, ‘आला! गेला! आला!’ हा कार्यक्रम तासभर चालतो आणि मला तो कुठल्याही मालिकेपेक्षा उत्कंठावर्धक वाटतो. शेवटी इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथं हात जात नाही तिथं, नखाएवढी वायर उघडी मिळते. भाऊ कापतात, नवा तुकडा घालून जोडतात, सोल्डर मारतात, स्लीव्ह चढवतात, जाळी गुंडाळतात, वाट बदलून क्लिपनं बांधतात.

बिलाचं काय लिहायचं, हा प्रश्न मी एकदा विचारला. ‘वायर जोडली’ लिहिलं की शेठ भांडतात, असा भाऊंचा अनुभव. वायर किती रुपयांची असते हे त्यांना पाठ असतं. म्हणून पावतीवर ठळक अक्षरांत ‘ईसीएम सर्किट चेकिंग व हार्नेस सेटिंग’ असं येतं. शेठ ते दोनदा वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि भाव न करता पैसे देतात.