मागच्या वेळी

पेनं आठ होती. प्रत्येकाच्या खिशाला एक, निळ्याच शाईचं. "विमानात अरायव्हल कार्ड देतात. पेन नसलं की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं," असं नान्याने सांगलीतच बजावलं होतं. "मागच्या वेळी बघितलंय मी." मुंबई ते बँकॉक आम्ही आठ पन्नाशी उलटलेले गृहस्थ मुलाखतीला निघाल्यासारखे ताठ बसून होतो. कार्ड काही कुणी दिलं नाही. विमानाने येणाऱ्यांसाठी ते 2022 सालीच बंद झालं होतं. पासपोर्टचे फोटोही चार-चार आणलेले, कारण मागच्या वेळी व्हिसाला लागले होते. आम्ही गेलो त्या 2024 च्या डिसेंबरात भारतीयांना व्हिसाच लागत नव्हता. "बदलला वाटतं नियम," नान्या म्हणाला. सूर असा, की थायलंड सरकारने निदान एक फोन तरी करायला हवा होता.

नान्याची मागची वेळ म्हणजे 2004. एका रंगाच्या कंपनीने टार्गेट गाठणाऱ्या डीलरांना बँकॉक दाखवलं होतं. चार रात्री, पाच दिवस. त्या पाच दिवसांवर हा माणूस वीस वर्षं जगला. बारशात बँकॉक, मुंजीत बँकॉक. एका तेराव्याला तर वाढप्याला थांबवून त्याने तिकडच्या भाताचा चिकटपणा समजावून सांगितला. त्यामुळे आमच्या 1985 च्या दहावीच्या बॅचची सहल ठरली तेव्हा पुढारी कोण, हा प्रश्नच आला नाही. तुमच्या कंपूतला नान्या एव्हाना तुमच्या डोळ्यांसमोर आला असेलच.

उतरल्यावर तो पुढे, आम्ही दिंडीसारखे मागे. "इथून डावीकडे." डावीकडे स्वच्छतागृह निघालं. "आधी सगळे जाऊन या," तो न डगमगता म्हणाला. शिवाय दर पन्नास पावलांवर थांबून आम्हाला बोटाने मोजणं. स्वतःला मोजायला विसरायचा, सात भरायचे, मग "कोण राहिलं रे?" म्हणून विमानतळ दणाणून सोडायचा. वेदान्तातली ती दशमाची गोष्ट आहे ना, नदी ओलांडून स्वतःला सोडून मोजणारे दहा जण, त्यातला आठवा आमच्याबरोबर होता.

"बाहेर पडलं की रस्त्यावर पूल. पूल ओलांडला की रेल्वे स्टेशन. टॅक्सीवाल्याच्या नादी लागायचं नाही."

बाहेर पूल नव्हता. स्टेशन नव्हतं. टॅक्सीच टॅक्सी होत्या. नान्याने चौकशीच्या काउंटरवरच्या मुलीला हवेत पूल काढून दाखवला, पुलाखालून हाताने गाडी नेली, तोंडाने शिट्टीही दिली. मुलीचा चेहरा उजळला. "डॉन मुआंग!" हात जोडून, गोड हसून तिने सांगितलं, की तिकडे जायला फुकट बस आहे.

2004 साली विमानं उतरायची ती डॉन मुआंगला, शहराच्या उत्तरेला. आम्ही उभे होतो ते सुवर्णभूमी, शहराच्या पूर्वेला, आणि ते उघडलंच 2006 च्या सप्टेंबरात. म्हणजे नान्याची वाट पावलापावलाने बरोबर होती, फक्त विमानतळ दुसरा होता. इथली रेल्वे सुटते तळघरातून.

दुसरा कुणी ओशाळला असता. नान्या चौफेर नजर फिरवून म्हणाला, "मागच्या वेळी हे नव्हतं."

पुढचे तीन दिवस कुणीही काहीही दाखवलं की आम्ही सातजण एका सुरात "मागच्या वेळी" म्हणायचो. पाऊस आला, मागच्या वेळी. नारळपाणी महाग निघालं, मागच्या वेळी. तोही हसायचा. आणि मोजायचा.

तिसऱ्या रात्री चाओ फ्रायाच्या काठी बसलो असताना एकाने वैतागून विचारलं, "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का रे, सारखी मोजायला?"

नान्याने बिअरचा ग्लास खाली ठेवला. "मागच्या वेळी," तो म्हणाला, आणि या वेळी आम्ही साथ दिली नाही. "राजवाड्यात हाफ पँट चालत नाही. मी लांब पँट शोधायला गेलो. आलो तर बस गेलेली. हॉटेलचं नाव पाठ नव्हतं. पोचलो रात्री. सगळे जेवत होते."

"गाइडने मोजलं नव्हतं?"

"मोजलं की. चाळीस भरले म्हणे. कुणीतरी दोनदा मोजला गेला असेल." थोडं थांबून म्हणाला, "कुठं होतास, असं कुणी विचारलंच नाही."

बारशा-मुंजीतल्या वीस वर्षांच्या बँकॉकपुराणात हा अध्याय एकदाही आला नव्हता.

परतताना सुवर्णभूमीत पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे ते प्रचंड समुद्रमंथन लागलं. एकीकडे देव, एकीकडे असुर, मध्ये वासुकीची ओढाताण, वर विष्णू. फोटो काढण्यात आम्ही पांगलो. मागून आवाज आला, "पाच... सहा... सात." मग शांतता. मग तीच ओळखीची धडकी, "कोण राहिलं रे?"

"आठ," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो.

नान्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.