सायंटिस्ट काका

अंबरनाथ पश्चिमेला, विम्को नाक्याच्या अलीकडे, आमच्या सोसायटीत 'सायंटिस्ट काका' राहतात. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी जन्मभर पीएच मोजला. रिटायर झाले आणि मोजायला आम्ही उरलो.

वाचन दांडगं. जेकिल, फ्रँकेन्स्टाइन यांच्याबद्दल ते कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांइतक्या आपुलकीने बोलतात. ''सायंटिस्टला छाती लागते!'' हे पालुपद. त्यावर काकू आतून म्हणतात, ''छाती यांची, पोट दुसऱ्याचं.''

वेल्सच्या अदृश्य माणसाने स्वतःच्या आधी एका म्हातारीची मांजर गायब केली, पण तिचे डोळे काही गायब होईनात, हे काकांनी एकदा जिन्यात रंगवून सांगितलं. तेव्हापासून तळमजल्यावरच्या आजी दिवेलागणीलाच आपली मनी घरात घेतात.

नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. काकांनी त्यातून घेतला तो टोपणनावाचा धडा. मेथी, अळशी आणि आणखी कशाकशाचे लाडू ते काकूंच्या नावाने घरोघर पाठवतात. काकूंचा हात चांगला, त्यामुळे कोणी शंका घेत नाही. मग काका वही घेऊन हजर! ती वही मी पाहिली आहे. फ्लॅट नंबर, वय, लाडू, परिणाम असे रकाने आखलेले. माझ्यापुढे लिहिलं होतं : 'दुपारपर्यंत काही नाही. रात्री दोनदा दिवा लागला.'

''निदान विचारायचं तरी!'' मी म्हटलं.

''विचारलं की निष्कर्ष बिघडतो. हाफकिननेही प्लेगची लस भायखळ्याच्या तुरुंगात दिलीच की!''

दिली, पण कैदी आपणहून पुढे आले होते. आणि त्याआधी, १० जानेवारी १८९७ रोजी, हाफकिनने ती स्वतःला टोचून घेतली होती. जेकिलनेही औषध स्वतःच प्यायलं. काकांना नेमका तुरुंग तेवढा आठवतो. बाकी माणूस प्रेमळ. मध्यरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिली चप्पल त्यांच्याच पायात असते. अर्थात वहीही बरोबर असते.

अखेर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला : यापुढे पहिला लाडू काकांनी सर्वांसमोर खावा. काका तडक उभे राहिले. ''मला जमणार नाही. शुगर आहे.''

आमच्या सोसायटीत फ्लॅट बघायला येणार असाल तर जरूर या. पाणी चोवीस तास नाही, पण हवा बरी आहे. फक्त घरून खाऊन या.