थोडो म्हणजे किती?

“क्लच थोडो सोड.”

“थोडो म्हणजे किती?”

“थोडो म्हणजे थोडो गो बाय!”

मास्तरांचा आणि माझा हा संवाद कुंभारमाठच्या माळावर नऊ दिवस चालला. तेवढ्या अवधीत गाडी ११४ वेळा बंद पडली. आकडा अंदाजे नाही, वहीत आहे. मास्तर मालवणात कित्येक वर्षं गाडी शिकवतायत. त्यांच्या हाताखालून डॉक्टर गेले, भटजी गेले, होडीवाले गेले, पण ‘थोडो’चं माप कोणी मागितलं नव्हतं. माझा इलाज नव्हता. आमच्याकडे भातात घालायच्या पाण्यालासुद्धा बोटाचं पेर हे माप असतं, मग अख्ख्या गाडीला का नसावं?

दहाव्या दिवशी ते वैतागून म्हणाले, “पायाकडे बघू नको. कान दी. इंजिनाचो आवाज जड झालो काय पाय थंयच थांबव.”

हे पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? मी चपला काढून सीटखाली सारल्या आणि पाय सावकाश उचलला. इंजिनाचा सूर पट्टीभर उतरला, तळव्याला बारीक थरथर लागली, गाडीचं नाक केसभर वर आलं. पाय थंयच. गाडी जोताच्या बैलासारखी निमूट चालू लागली. (बैल मास्तरांचा. मी स्वतः उपमा सहसा देत नाही.) शेजारच्या मिक्सरने कळवळणारे माझे कान आयुष्यात पहिल्यांदा कामाला आले.

मला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. तोवर घरच्यांच्या मते मी ‘जरा तिरसट’ आणि वाडीच्या मते ‘शाणी, पण येडी’ होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ नावं आहेत, त्यांत माझंही नाव निघालं आणि बारा पानांची फाइल घेऊन मी घरी आले. पुढच्याच महिन्यात शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरायला बसले.

त्यासोबत आपल्या प्रकृतीबद्दल आपणच लिहून द्यायचं असतं. फेफरं येतं का, लाल-हिरवा ओळखता का, रातांधळेपणा आहे का, पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का. वाचता येते का! मला ती न वाचता राहता येत नाही. ०७ आमचं सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. मे महिन्यात बाजारात उभी राहिले की हा पाढा माझ्यासमोरून उलटसुलट धावत असतो. मी अडले ती एका प्रश्नावर: जनतेला धोका होईल असा अन्य कोणता आजार किंवा अपंगत्व आहे काय? मी अर्धा तास पेन धरून बसले.

“नाय लिव,” मास्तर म्हणाले.

“पण माझी बारा पानांची फाइल आहे.”

“त्या फायलीत तू कोणाक ठोकतलंस असा लिवलेला आसा?”

मी फाइल पुन्हा वाचली. तसं नव्हतं. ‘नाही’ लिहिलं.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द देखणा आहे, पण पत्ता चुकलाय. मी मग्न असते हे खरं, पण ‘स्व’मध्ये क्वचितच. तिथे बघण्यासारखं काही नाही. मी नंबरप्लेटमध्ये मग्न असते, नाहीतर गिअरबॉक्समध्ये. २००५ साली डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या तिघांनी मांडलं की आमच्यासारख्यांचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर, पण पुरतं जाऊन बसतं. याला मोनोट्रोपिझम म्हणतात. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणान तू गिअर घालताना कुत्रो दिसना नाय तुका.” कुत्रा वाचला. पण मुद्दा तोच होता: क्लच, गिअर, आरसा, हॉर्न, मास्तर आणि कुत्रा ही सहा लक्षं होती, आणि मी एक.

टेंपल ग्रँडिन या अमेरिकी प्राध्यापक बाई स्वतः ऑटिस्टिक. त्या गाडी शिकल्या नातलगांच्या रँचवर, टपालपेटीपर्यंत मातीच्या रस्त्याने रोज ये-जा करून. रहदारीत उतरण्याआधी हातपाय आपसूक चालले पाहिजेत, असं त्या सांगतात. आमच्याकडे टपालपेटी नाही, चौके आहे. कुंभारमाठ ते चौके, चौके ते कुंभारमाठ. महिनाभरात क्लच माझ्या डोक्यातून निघून पायात उतरला आणि डोक्यात कुत्र्यापुरती जागा झाली.

आता माझी एक मैत्रीण मागे लागली आहे की, तू हाफ क्लचवर लिही. आत इंजिन धावतंय, बाहेर चाक थबकलंय, हे तुझंच चित्र नाही का? नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. पेडल दाबलं की तिच्यावरची पकड सुटते, सोडलं की बसते, अर्धवट ठेवलं की प्लेट घासते. क्लचमधून जीवनाचं तत्त्वज्ञान निघत नाही. फार तर जळका वास निघतो.

“मग ऑटोमॅटिक घे ना,” हे दुसरं. सेलेरिओ २०१४ साली आली आणि स्वस्तातल्या गाड्यांतही गिअर आपले आपण पडायला लागले. मावसभावाची तसली गाडी मी कट्टा गावापर्यंत चालवून पाहिली. ती गिअर बदलते, पण कधी बदलणार ते आधी सांगत नाही. ब्रेकवरून पाय काढला की न विचारता सरपटायला लागते. अशी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत, गाडी तरी तशी नको. उलट १९२८ पूर्वीचे चालक मला जवळचे वाटतात. त्या साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. त्याआधी दोनदा क्लच दाबून, कानाने वेग जुळवून गिअर टाकावा लागे, आणि चुकलं तर गिअरबॉक्स तिथल्या तिथे करकरून बोलून दाखवी. तोंडावर एक आणि मनात एक, असं नाही.

शिवाय ऑटोमॅटिकमध्ये डाव्या हाताने करायचं काय? माझ्या फाइलमध्ये ‘हातांच्या पुनरावृत्त हालचाली’ अशी ओळ आहे. लहानपणी त्यापायी मी चापट्या खाल्ल्या. आता सिग्नलला, फाटकाला, पेट्रोलपंपावर बघा: गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि समस्त चालकवर्ग गिअरचा दांडा डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे हलवत बसलाय. न्यूट्रल तपासतात म्हणे. एकदा तपासून कळतं. उरलेले चाळीस वेळा कशासाठी, ते मला विचारा. पण त्यांची फाइल कोणी काढत नाही, आणि गाडीत बसल्यावर माझीही नाही.

गिअरचं मला कधीच अवघड गेलं नाही. (११४ विसरा.) पावसात वायपर आणि इंडिकेटर यांचा ताल जुळत नाही, त्याने जीव जातो, पण तोही सोसतो. अवघड आहेत ती समोरची माणसं. पुस्तकातले हाताचे इशारे मी पाठ केले: डावीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. परीक्षेनंतर तो इशारा मी कुठेही पाहिला नाही. रस्त्यावर निराळीच बोली चालते, आणि तिचं व्याकरण कोणी लिहिलेलं नाही. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे वळतोय, किंवा ‘ओव्हरटेक कर’ म्हणतोय, किंवा सकाळपासून बंद करायला विसरलाय. डिपर मारला तर ‘तू ये’ की ‘मी येतोय’? ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ तेवढं मला स्वच्छ कळायचं, त्यावरही २०१५ साली महाराष्ट्रात बंदी आली. मी वही केली आहे. इशारा एका रकान्यात, अर्थ दुसऱ्यात. दुसरा रकाना वाढतोच आहे.

गेल्या मे महिन्यात देवबागला गेले होते. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, माड आणि कसाबसा एक रस्ता. समोरून ०९ आली. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. दोघंही थांबलो. काचेपलीकडून त्या गृहस्थांनी हात तोंडासमोर दोनदा झटकला. ‘या’? ‘मागे घ्या’? ‘कसली बाई ही’? मी वहीतले सगळे अर्थ मनात लावून पाहिले. शेवटी हँडब्रेक ओढला, उतरले, अनवाणीच त्यांच्या खिडकीशी गेले आणि विचारलं, “तुम्ही या म्हणालात, की थांबा?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, मी माशी हाकलत होतो.”

परत येऊन मी आधी तो अर्थ वहीत लिहिला, मग रिव्हर्स टाकला.