हात कोणी मोडला?

शाळेत प्रयोग ओळखायला लागले की आमची दांडी गुल. ‘रामाने आंबा खाल्ला’ इथवर ठीक, पण ‘उजाडले’ यात कर्ता कुठे? बाई म्हणायच्या, शोधू नकोस, तो नसतोच. बाईंचं हे वाक्य पुढे अमेरिकेतल्या नर्सिंग होमांनी मनावर घेतलं.

(आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे सुईण, टाके, सलाइन. तिकडे ती थकलेल्यांची शेवटची खोली. पाटी एकच, आयुष्याची टोकं दोन.)

सकाळी आजींच्या दंडावर काळंनिळं दिसतं. वहीत नोंद होते: ‘डाग आढळला.’ आढळला! जणू गडावर शिलालेख. पुढच्या आठवड्यात ‘हात मोडला.’ व्याकरणाने पाहिलं तर इथे हातच कर्ता. म्हणजे हात रात्री उठला, मोडला आणि परत पांघरुणात गेला. आजींना विचारावं तर त्यांना मुलाचं नावही आठवत नाही. उरला साक्षीदार पलंगाचा कठडा; बिल त्याच्याच नावावर फाटतं.

अशा दुखापतीला तिथल्या केंद्रीय नियमांत नावही आहे: ‘अज्ञात कारणाची इजा’. कुणी पाहिली नाही, माणसाला सांगता येत नाही आणि जागा किंवा संख्या बघून शंका येते, अशी. छळाचा आरोप असेल किंवा इजा गंभीर असेल तर दोन तासांत, एरवी चोवीस तासांत राज्याच्या तपासणी यंत्रणेला कळवायचं. पाच कामकाजी दिवसांत चौकशीचा निकाल द्यायचा. चौकशी कोणी करायची? होमनेच. साय कोणी खाल्ली याचा अहवाल मांजराने शुक्रवारपर्यंत सादर करावा.

आता तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा हिशेब बघा. होममधून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेलेल्या म्हाताऱ्यांची, संशयास्पद निदानाची २०१६ मधली ३७,६०७ बिलं त्यांनी वेगळी काढली. अंदाज निघाला, पाचातलं एक छळ किंवा हेळसांडीचं असावं. पाच राज्यांत खुद्द तपासणी यंत्रणेला छळ पटलेल्या ६९ घटनांपैकी पोलिसांना कळवल्या गेल्या दोन. उरलेल्या ६७ बहुधा भावे प्रयोगात होत्या.

दोष एकट्या रात्रपाळीच्या बाईचा नाही, हेही सांगतो. एकटीने किती जणांना कुशीवर वळवायचं? प्रत्येकामागे दिवसाला किमान ३.४८ तासांची शुश्रूषा हवी, असा नियम २०२४ मध्ये आला. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो मोडीत काढला. निदान या मोडण्याला तरी कर्ता सापडला.

आणि आकड्यांची गंमत. म्हातारी माणसं किती पडतात हे होमनेच सरकारला कळवायचं, मग ते आकडे सरकारी संकेतस्थळावर झळकतात. २०२५च्या सरकारी अहवालाप्रमाणे, जबर मार लागून इस्पितळात पोचलेल्यांपैकी ४३ टक्के जणांचं पडणं होमांनी कळवलंच नव्हतं. ज्या होमांत माणसं सर्वांत कमी पडतात असं संकेतस्थळ सांगतं, कळवण्यात तीच सर्वांत मागे. कोण म्हणतं तिथे कुणी पडत नाही? पडतात, पण पडद्याआड.

न्यूजर्सीच्या मावशींना, डॅलसच्या काकांना भेटायला जाल तेव्हा फुलांसोबत थोडं व्याकरणही न्या. बाही वर सारून बघा, तारीख घालून फोटो काढा, आणि ‘काय झालं?’ असं विचारू नका. ‘त्या रात्री पाळीवर कोण होतं?’ असं विचारा.